शंका विचारून घ्यावी

मराठीत लघवीला जाण्यासाठी एक सभ्य शब्द आहे, लघुशंका. शाळेत मास्तरांसमोर करंगळी वर केली की तेवढाही शब्द उच्चारावा लागत नसे. गंमत अशी की शब्दातच 'शंका' बसलेली आहे, पण या बाबतीतली शंका आपण आयुष्यभर कोणाला विचारत नाही. साठी उलटलेला माणूस रात्री चार-चार वेळा उठतो, एस.टी.चा लांबचा प्रवास टाळतो, लग्नाच्या पंगतीत पाण्याचा पेला बाजूला सारतो. वारीला जाणारा वारी सोडतो. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग वजू टिकत नाही म्हणून मशिदीत जाणं बंद करून घरीच नमाज पढतात. बायकांची तऱ्हा आणखी अवघड. खोकताना, शिंकताना लघवी सुटते हे त्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. 'आता वयच झालं' एवढं म्हणून सगळे गप्प.

हे गप्प बसणं कधी कधी फार महाग पडतं. प्रोस्टेट ग्रंथी वाढली आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होईनासं झालं, तर साठलेल्या लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांवर येऊ शकतो. दुखत-खुपत फारसं नाही. पुष्कळदा रक्ताची तपासणी केल्यावरच मूत्रपिंडं थकल्याचं समजतं. म्हणून श्रोतेहो, आज बोलायचं आहे ते मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरॉलॉजिस्ट, कसा निवडावा आणि त्याच्याकडे जाण्याआधी काय काय विचारून घ्यावं याबद्दल.

नवा डॉक्टर शोधण्याची वेळ बहुतेकांवर येते. कोणी निवृत्त होऊन तालुक्याचं गाव सोडून मुलाकडे पुण्याला किंवा ठाण्याला राहायला येतो. कोणाचे जुने डॉक्टर वयोमानानं दवाखाना बंद करतात. कोणाचं जुन्या ठिकाणी समाधान होत नाही. अशा वेळी आपण काय करतो? सोसायटीतल्या शेजाऱ्याला विचारतो, नाहीतर रस्त्यावरचा मोठा फलक बघतो. कांदे-बटाटे घेताना आपण चार गाड्या फिरतो. शरीरात दुर्बीण घालणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र पहिल्याच दारात थांबतो.

काही वेळा निवड करत बसायचंच नसतं, हे आधी सांगितलं पाहिजे. लघवी पूर्ण तुंबली असेल, मुतखड्याच्या कळांबरोबर थंडी वाजून ताप आला असेल, किंवा तरुण मुलाच्या अंडकोषात एकाएकी जबर दुखायला लागलं असेल, तर जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. अंडकोषाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत तो सोडवावा लागतो. तिथे उद्याची वाट बघणं म्हणजे अवयव गमावणं. लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुखलं नाही, पुन्हा गेलं नाही, तरी काही दिवसांतच दाखवायला हवं. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर जास्तच लवकर, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाचं धूम्रपान हे एक मोठं कारण आहे.

आता निवांत निवडीकडे येऊ. पहिला घोळ होतो तो दोन तज्ज्ञांमध्ये. मूत्रपिंडाच्या कामकाजाचे, डायलिसिसचे, औषधांनी उपचार करणारे डॉक्टर म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट. त्यांची पदवी एम.डी.नंतरची डी.एम. युरॉलॉजिस्ट हे शल्यविशारद असतात. मुतखडा, प्रोस्टेट, मूत्राशय, मूत्रमार्ग, पुरुषांच्या जननेंद्रियांचे विकार हे त्यांचं क्षेत्र. त्यात बायकांच्या लघवीच्या तक्रारीही येतात. युरॉलॉजिस्ट म्हणजे फक्त पुरुषांचा डॉक्टर हा गैरसमज आहे. एम.बी.बी.एस., मग तीन वर्षांचं एम.एस. जनरल सर्जरी, त्यानंतर तीन वर्षांचं एम.सीएच. युरॉलॉजी असा त्यांचा मार्ग. काहींनी त्याऐवजी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. किंवा डीआर.एन.बी. ही पदवी घेतलेली असते. फलकावर परदेशी संस्थांच्या सदस्यत्वाची अक्षरं कितीही असोत, ही मूळ पदवी आहे का ते बघावं. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक छापणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते. घरातला कॉलेजात जाणारा नातू हे काम पाच मिनिटांत करून देईल.

नाव कोणाकडून घ्यावं? फॅमिली डॉक्टर हा अजूनही चांगला वाटाड्या आहे. त्यांना एवढंच विचारावं, "डॉक्टर, तुमच्या वडिलांना हा त्रास असता तर तुम्ही कोणाकडे नेलं असतं?" या प्रश्नाला सहसा खरं उत्तर मिळतं. पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेणं किंवा देणं वैद्यक व्यवसायाच्या २००२ सालच्या आचारसंहितेनं निषिद्ध ठरवलं आहे, तरी 'कट' हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. म्हणून दोन-तीन जागी चौकशी करावी. त्याच दुखण्यातून गेलेला, त्याच डॉक्टरांकडे ऑपरेशन झालेला माणूस भेटला तर उत्तम. 'डॉक्टर कसे आहेत' एवढं विचारून त्याला सोडू नये. 'ऑपरेशननंतर त्रास झाला तेव्हा डॉक्टर भेटले का' हे विचारावं. सरकारी आणि पालिका रुग्णालयंही यादीत असू द्यावीत. मुंबईत केईएम, शीव, नायर, जे. जे. इथे स्वतंत्र युरॉलॉजी विभाग आहेत. रांग असते, पण अनुभवही दांडगा असतो.

नाव ठरलं की अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर काही गोष्टी विचारून घ्याव्यात. डॉक्टर कोणत्या दिवशी असतात? तपासणार ते स्वतः की त्यांचे सहायक? पहिल्या भेटीची फी किती, रिपोर्ट दाखवायला आल्यावर पुन्हा फी पडते का? ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात करतात? रात्री-अपरात्री नळी अडकली, ताप आला, तर फोन कोणाला करायचा? येताना लघवी रोखून यायचं का, की उपाशीपोटी यायचं? धार मोजण्याच्या तपासणीला आणि सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, आणि घरून निघताना जाऊन आलेला माणूस तिथे बाटलीभर पाणी पीत तास काढतो. मेडिक्लेम असेल तर ते रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणार असाल तर ते त्या योजनेत आहे का, आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हेही आधीच विचारावं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ही चौकशी करण्यात अर्थ नसतो.

जुन्या डॉक्टरांचे कागद बरोबर न्यायला हवेत. मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रं द्यावीत, असं त्या २००२ सालच्या नियमांत आहे. दाखल झालेल्या रुग्णाची नोंद तीन वर्षं जपून ठेवायची असते, म्हणून गाव सोडण्याआधीच मागणी करावी. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट, एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फिल्म, आणि पी.एस.ए.चे आतापर्यंतचे सगळे आकडे तारखांसह. पी.एस.ए. ही प्रोस्टेटची रक्ततपासणी. एकच आकडा वाढलेला दिसला की माणूस कर्करोगाच्या धास्तीनं अर्धा होतो. पण जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, नळी घातली, तरी हा आकडा वाढतो. तो वर्षा-दोन वर्षांत कसा चढत गेला हे जुन्या कागदांवरूनच कळतं.

त्याबरोबर घरातल्या सगळ्या औषधांची यादी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, वैद्यांचा काढा, हकिमांचं माजून, सगळं त्यात आलं पाहिजे. केस गळू नयेत म्हणून काहीजण फिनास्टेराइड घेतात. ते लाजेखातर सांगत नाहीत. पण हे औषध काही महिने घेतल्यावर पी.एस.ए.चा आकडा साधारण निम्म्यावर आणतं, आणि डॉक्टरांना ते माहीत नसेल तर आजार झाकला जाऊ शकतो.

तक्रार नेमकी सांगण्यासाठी जगभरचे डॉक्टर सात प्रश्नांची एक मोजपट्टी वापरतात. गेल्या महिन्याभरात लघवी पूर्ण झाली नाही असं वाटलं का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का? धार मध्येच थांबून पुन्हा सुरू होते का? रोखून धरणं अवघड जातं का? धार बारीक झाली आहे का? सुरुवातीला जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठावं लागतं? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र. ही उत्तरं घरीच कागदावर लिहावीत. तीन दिवस पाणी किती प्यालो आणि लघवी केव्हा, किती झाली याची नोंद ठेवली तर आणखी चांगलं. तोंडानं बोलायला लाज वाटते तिथे कागद आपल्या वतीनं बोलतो.

आता डॉक्टरांच्या समोरची खुर्ची. इथे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडे समजतात. पण या शास्त्राचा इतिहास वेगळंच सांगतो. सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे. शस्त्र चालवलं नाही तर मृत्यू निश्चित, आणि चालवलं तरी यशाविषयी संशय, म्हणून अधिपतीची अनुमती घेऊनच वैद्यानं हात घालावा, असं तिथे बजावलं आहे. हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेल्या शपथेत वैद्य म्हणतो की मुतखड्यासाठी मी छेद घेणार नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडीन. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कॉर्डोव्हाजवळ अल् झहरावीनं शल्यकर्मावर जो ग्रंथ लिहिला, त्यातही खडा काढण्याची पद्धत तपशीलवार आली आहे. आपला आवाका ओळखावा आणि आधी विचारावं, हे दोन्ही धडे या शास्त्राइतकेच जुने आहेत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात हे कायद्याच्या भाषेत सांगितलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया तिच्या आईच्या संमतीनं त्याच बैठकीत उरकण्यात आली होती. न्यायालयानं म्हटलं की तपासणीची संमती ही उपचारांची संमती होत नाही. जिवावर बेतलं नसेल तर जाणत्या रुग्णाची स्वतःची संमती हवी. आणि संमतीआधी उपचार कोणता, कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, आणि उपचार नाकारले तर काय होईल, हे सांगायला हवं. म्हणजे आपण विचारायचे प्रश्न न्यायालयानंच लिहून दिले आहेत. दुर्बिणीतून तपासायला म्हणून नेतात आणि 'आत दिसलं तर त्याच वेळी काढून टाकू' म्हणतात, तेव्हा हे आठवावं. ते योग्यही असेल. पण काय दिसलं तर काय काढणार, हे सही करण्याआधी ठरलेलं असावं.

प्रोस्टेटचंच उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या दशकात सुमारे निम्म्या पुरुषांची ही ग्रंथी वाढलेली असते. वाढ झालेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न, "गोळ्यांवर भागेल का, आणि किती दिवस बघायचं?" टॅमसुलोसिनसारख्या गोळीनं काहींना उठताना चक्कर येते. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी सांगावीच लागते, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट रुंदावत नाही. ऑपरेशन सुचवलं तर विचारावं, "का? लघवी तुंबते म्हणून, मूत्रपिंडावर परिणाम झाला म्हणून, की गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून? दुर्बिणीतून खरवडून की लेझरनं? तुम्ही स्वतः ही पद्धत किती दिवस करता, महिन्याला साधारण किती करता? नळी किती दिवस राहील?" आणि एक प्रश्न दार लावून विचारावा लागला तरी विचारावा, की वैवाहिक जीवनावर काय परिणाम होईल? नेहमीच्या ऑपरेशननंतर पुष्कळ पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. त्यानं जिवाला धोका नसतो. पण हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो आणि घरात अबोला सुरू होतो.

मुतखड्याचा हिशेब आकारावर असतो. पाच मिलिमीटरहून लहान खडा बहुधा आपोआप पडतो. त्याहून मोठ्यासाठी बाहेरून लहरींनी फोडणं, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालणं, किंवा दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर पाठीतून छोट्या छिद्रावाटे काढणं, असे मार्ग आहेत. आपला खडा केवढा, कुठे, आणि हाच मार्ग का, हे विचारावं. निघालेला खडा तपासायला पाठवणार का, हेही विचारावं, कारण पुढचं पथ्य त्यावर ठरतं. खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं असतं. मग रमजानचे रोजे धरावेत का, निर्जळी एकादशी करावी का, हाही डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न आहे. नळीमुळे किंवा सतत थेंब गळण्यामुळे नमाजाची अडचण असेल तर आमच्या फिकहमध्ये अशा माणसाला माजूर मानून सवलत दिलेली आहे, तो दर नमाजाच्या वेळेला नव्यानं वजू करतो. तेव्हा धर्माच्या संकोचानं उपचार लांबवायचं कारण नाही.

खड्याच्या ऑपरेशननंतरचा एक प्रश्न मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत पुष्कळदा एक बारीक नळी आत ठेवतात. तिला डी. जे. स्टेंट म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. दुखणं थांबलं की माणूस गावी जातो, पेरणी येते, पैसे संपलेले असतात, आणि नळी विसरली जाते. विसरलेल्या नळीवर खड्यांचं पुट चढतं, जंतुसंसर्ग होतो, आणि ज्या मूत्रपिंडासाठी एवढा खटाटोप केला तेच निकामी होऊ शकतं. ही नळी बहुतेकदा काही आठवड्यांतच काढायची असते, आणि तीन महिन्यांच्या पुढे सहसा ठेवत नाहीत. म्हणून घरी सोडतानाच विचारावं, "आत नळी ठेवली आहे का? कोणत्या तारखेला काढायची? त्याचा खर्च या बिलात आहे की वेगळा?" ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी आणि घरच्या कालनिर्णयवर गोल करून ठेवावी.

एवढं विचारल्यावर डॉक्टर रागावले तर? डॉक्टरांसमोर रांग असते, त्यांनाही दिवस चोवीसच तासांचा आहे, हे आपण समजून घ्यावं. म्हणून पाल्हाळ नको. पाच प्रश्न लिहून न्यावेत, बरोबर एक शहाणं माणूस न्यावं, उत्तरं टिपून घ्यावीत. चांगला डॉक्टर कागद बघून वैतागत नाही. उलट तो कागदावर मूत्राशयाचं चित्र काढून दाखवतो, 'याची गरज नाही' असंही म्हणतो, 'हे माझ्याकडे होत नाही, अमक्यांकडे जा' असंही सांगतो. आपल्या ऑपरेशनात धोका मुळीच नाही असं सांगणाऱ्यापासून, आणि 'आजच भरती व्हा, उद्या उशीर होईल' म्हणून कारण न सांगणाऱ्यापासून मात्र दोन हात लांब राहावं. तातडी नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली तयार केलेल्या १७ हक्कांच्या रुग्ण सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्कही आहे. महाराष्ट्रात २०२१ सालच्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. भरती होण्याआधी ते भिंतीवर शोधावं. नसेल तर नम्रपणे मागावं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री वारंवार उठताना पाहत असाल, तर सकाळी चहाच्या वेळी तुम्हीच विषय काढा. ते सांगणार नाहीत. आई, सासू, काकू तर नाहीच सांगणार. त्यांच्यासाठी सोबत जा, प्रश्नांचा कागद लिहून द्या, आणि आत गेल्यावर आधी त्यांना बोलू द्या. दुखणं त्यांचं आहे, शरीर त्यांचं आहे, तेव्हा शंकाही त्यांच्याच तोंडून येऊ द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)